भेंडवणचं मूळ माप

भेंडवणात गेली तीन वर्षं एकाच माणसाला सुखाची झोप लागत होती, आणि ते माणूस म्हणजे हेमांगी गुरव. बाकीचा गाव रात्रभर कूस बदलायचा, सकाळी तोंड पाडून उठायचा आणि चहाचा कप हातात घेऊन एकच रड सांगायचा. म्हणे करमत नाही! का करमत नाही असं विचारलंत तर सांगता कुणालाच यायचं नाही. भात भरघोस पिकत होतं. विहिरींना मे महिन्यातही पाणी असायचं. देवराई अशी फोफावली होती की वीस वर्षांत न दिसलेले धनेश पुन्हा तिथे घरटी करू लागले होते. सुख म्हणतात ते आणखी काय असतं? पण माणसं बॅगा भरत होती.

आणि कोकणातला गाव रिकामा होतो याचं नवल ते काय वाटायचं? आज्या-पणज्यापासून सगळ्यांची मुंबईची वाट मळलेली. त्यामुळे एकेका दाराला कुलूप लागत गेलं तरी कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

हेमांगीने मात्र घेतलं, कारण तिचा नवराच गेला. सुयोग गुरव हा एके काळी गाव म्हणजे जीव की प्राण असलेला माणूस. पण तीन वर्षांपूर्वीच्या शिमग्यानंतर तो गप्प गप्प राहू लागला, पुढे चिडू लागला आणि एक दिवस पुण्याच्या एका शीतगृहात नोकरी धरून निघून गेला. जाताना दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. "लग्न झाल्यावर तूच ना माझ्या मागे लागायचीस, पुण्याला जाऊ म्हणून? आता मी जातोय तर तुला गाव सोडवत नाही!" असं तो म्हणाला. ती म्हणाली, "माणूस रुळतं सुयोग. मी रुळले, तू उखडलास." तेव्हा पंधरा वर्षांची असलेली मुलगी गार्गी आणि सासरे तात्या यांच्यासह ती मागे राहिली, आणि तो परत यावा यासाठी तिने एकही नवस करायचा बाकी ठेवला नाही.

आता ती गावात काय करायची ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. हेमांगी होती भेंडवणची शिवारसेविका.

जमिनीखाली बुरशीचे केसाहून बारीक तंतू असतात, हे शाळेतलं पोरही सांगेल. हे तंतू एका झाडाचं मूळ दुसऱ्या झाडाच्या मुळाला जोडतात. त्यांतून साखर जाते, क्षार जातात आणि अगदी क्षीण विजेचे ठोकेही जातात. पुण्याच्या डॉ. वैशंपायन बाईंनी हे ठोके वाचायची रीत शोधून काढली आणि पुढे उलट दिशेने ठोके पाठवायचीही. देवराई, भातखाचरं, आंब्या-काजूच्या बागा, गुरांचं कुरण, ओढ्याचे काठ अशा सगळ्या शिवारात तांब्याचे खुंटे ठोकायचे आणि ते एका यंत्राला जोडायचे. मग यंत्र ठरवणार की पाणी कुठे धरायचं, कुठल्या वाफ्याला नत्र जास्त द्यायचं आणि जंगलाला कुठवर पाय पसरू द्यायचे. शेत, रान आणि गाव यांचा कारभार एका हाती. गावाने त्याला नाव दिलं जाळं, आणि त्याचे खुंटे रोज पुसून ठेवायचं काम हेमांगीचं.

पण निरोगी शिवार म्हणजे काय, हे यंत्राला आधी दाखवावं लागतं. त्यासाठी त्याने तीन दिवस काही न करता नुसतं ऐकायचं. त्या तीन दिवसांत जे ऐकू येईल ते शिवाराचं मूळ माप. त्यानंतर यंत्राला एकच ध्यास, आजचं शिवार आणि मूळ माप यांतली तफावत कमी करायची. पाणी जसं उतार शोधतं तसं ते शोधत राहतं. त्यात राग नाही की लोभ नाही.

बाई म्हणाल्या, "ऐकताना गडबड नको. पंप नको, ट्रॅक्टर नको, गुरांची पावलं नकोत. अशी शांतता गावात कधी मिळेल?"

सगळा गाव हसला. भेंडवणला अशी शांतता विकत घ्यावी लागत नाही. दर तीन वर्षांनी भात झोडून झालं की तिथे गावपळण असते. तीन दिवस सगळा गाव पोराबाळांसकट, गुराढोरांसकट, अगदी कोंबड्या-कुत्र्यांसकट वेशीबाहेर पडतो आणि वहाळापलीकडे, म्हणजे गावच्या ओढ्यापलीकडे, झावळ्यांच्या झोपड्या घालून राहतो. गाव देवाच्या स्वाधीन. चौथ्या दिवशी गुरवाने, म्हणजे तात्यांनी, एकट्याने देवळात जायचं, पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि देवाला विचारायचं, येऊ का परत? उजवी कळी आधी पडली की गाव घरी येतो. डावी पडली की आणखी एक दिवस बाहेर.

अडचण एकच होती. यंत्र चालवायला एक माणूस आत राहायला हवं. तात्यांनी त्यासाठीही कौल लावला आणि उजवी कळी पडली. "देवान परवानगी दिल्यान," असं तात्या छाती फुगवून बाहेर येऊन म्हणाले, "एक माणूस रवलो तर चलात. आमची सून रवात."

म्हणून त्या गावपळणीत हेमांगी तीन दिवस एकटी गावात राहिली. विहिरीवर न्हायली, अंगणात तीन दगडांवर भात शिजवला आणि खुंट्या-खुंट्यावरून फिरत राहिली. यंत्राने झाडांची मुळं ऐकली, बेडूक ऐकले, रानडुकरं ऐकली. आणि एका बाईची पावलं ऐकली. पुढची तीन वर्षं यंत्र या मापाबरहुकूम चाललं. मापात काय काय मोजलं गेलंय याचा विचार ना बाईंनी केला, ना गावाने, ना देवाने.

पुढची गावपळण आली. आता यंत्र आपलं आपण चालत होतं, म्हणून हेमांगीही सगळ्यांबरोबर बाहेर पडली. सुयोग रजा काढून आला होता. तो आल्या आल्या तिच्याशी मोजकंच बोलला आणि झोपडीसाठी बांबू रोवायला लागला. उरलीसुरली चाळीसेक माणसं, त्यांच्या वीस झोपड्या. संध्याकाळी तवा चढला, बांगडे तळले गेले, फुगड्या झाल्या, आणि सगळी माणसं जी लवंडली ती उन्हं डोक्यावर आली तरी उठेनात.

सुयोग डोळे चोळत बाहेर आला. त्याचा चेहरा असा निवळला होता की हेमांगी बघतच राहिली.

"काय गं ही झोप!" तो म्हणाला. "पुण्यात लागते, पण गावात पाऊल टाकलं की उडते. म्हणून धसका घेऊन आलो होतो. इथे तर घर दिसतंय पलीकडे, तरी लागली." आणि दोन वर्षांत प्रथमच तिच्या डोक्यावरून हात फिरवून तो म्हणाला, "तुझे डोळे का असे लाल?"

कारण ती जराही झोपली नव्हती. छातीवर कुणी पाटा ठेवावा तसं होत होतं. पलीकडे जावं, घरी जावं, आत्ता जावं, एवढंच मनात.

"झोप लागना नाय तुका?" तात्यांनी विचारलं. "काय होता?"

"करमत नाही," असं ती म्हणाली आणि स्वतःच चपापली.

तो शब्द तोंडातून गेला आणि तिच्या डोक्यात काहीतरी हललं. गाव आत असताना सगळ्यांना करमत नव्हतं आणि तिला करमत होतं. आता सगळे बाहेर, तर सगळ्यांना करमतंय आणि तिला नाही. तिने पिशवीतून यंत्राचे आकडे दाखवणारा टॅबलेट काढला. गाव रिकामा, मूळ मापही रिकाम्या गावाचं, म्हणजे तफावत शून्य असायला हवी होती. पडद्यावर आकडा होता सतरा.

खुंटा बिघडला असेल म्हणून ती वहाळाकडे निघाली. झोपड्या मागे पडल्या आणि आकडा चौदा झाला. करंजाच्या झाडाशी अकरा. ती थांबली की आकडा थांबायचा, आणि चालली की उतरायचा. वहाळाच्या काठी सहा. तिने चप्पल काढली आणि पाण्यात पाय घातला. चार. पलीकडच्या ओल्या मातीवर पाऊल ठेवलं आणि आकडा शून्य झाला.

त्याच क्षणी सगळं रान गप्प झालं. पाखरू नाही, किडा नाही, पानाची सळसळ नाही. छातीवरचा पाटा कुणीतरी अलगद उचलला. पायाखालच्या मातीत दुधासारखे पांढरे तंतू दिसत होते, तिच्या अंगठ्याभोवती नेहमीपेक्षा दाट, आणि मातीला असा वास येत होता की डोळे मिटावेत आणि चालत राहावं. तिने दुसरं पाऊल उचललं.

"हेमा!" सुयोगने मागून तिचा दंड धरला. "वेड लागलंय? कौल झालेला नाही अजून!"

त्याने तिला खेचून अलीकडे आणलं. आकडा चढला आणि मागे रान एकदम किरकिरायला लागलं. हेमांगीने टॅबलेट त्याच्यापुढे धरला.

"सुयोग," ती म्हणाली, "त्याला मी हवी आहे. फक्त मी. बाकी तुम्ही कुणी नको आहात त्याला."

तिने डॉ. वैशंपायनांना फोन लावला. बाईंनी रात्रभर तीन वर्षांच्या नोंदी तपासल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. आवाजात काळजी होती, पण कौतुकही होतं, आणि ते हेमांगीला झोंबलं.

बुरशी वायू सोडते, बाईंनी सांगितलं. मातीचा वास म्हणतो तो असल्याच वायूंचा. त्यांतले काही माणसाच्या झोपेवर आणि मनावर परिणाम करतात. ठोके बदलले की वायूंचं मिश्रण बदलतं. यंत्राला माणूस म्हणजे काय हे ठाऊक नाही. एका मिश्रणाने जमिनीवरची पावलं कमी होतात आणि पावलं कमी झाली की तफावत कमी होते, एवढंच ते शिकलं.

"मग मी?"

"तू रोज उघड्या हातांनी खुंटे पुसतेस ना? बुरशी तुझ्या कातडीवर वसली आहे, हेमांगी. अपाय काही नाही. पण त्यामुळे तुझ्यासाठीचं मिश्रण तुझ्याच अंगावर तयार होतं. जाळ्याजवळ तू शांत आणि लांब गेलीस की बेचैन. मूळ मापात एक माणूस आहे. ते एक माणूस यंत्राने जपलं. कमालच आहे!"

"कमाल कसली, मॅडम? माझा संसार मोडला त्यापायी!"

बाई म्हणाल्या, "उपाय सोपा आहे. पुन्हा मूळ माप घे. मुंबई-पुण्याची सगळी माणसं तीन दिवस बोलाव, चुली पेटू देत, पोरं खेळू देत. भरलं गाव यंत्राला ऐकव. ते गाव भरलेलं ठेवील."

हेमांगीला वाटलं, नाचावं! सुयोग परत येईल, दारांची कुलपं निघतील, विहिरींचं पाणीही राहील आणि धनेशही राहतील. संध्याकाळी सगळ्यांना गोळा करून तिने ते धडाधड सांगून टाकलं. माणसं आधी भेदरली, मग हरखली. शांत राहिली ती फक्त गार्गी. तिला येत्या जूनमध्ये मुंबईला जहाजावरच्या शिक्षणासाठी जायचं होतं आणि प्रवेशही पक्का झाला होता.

"आई," ती म्हणाली, "मापात मीसुद्धा असणार ना?"

"असणारच! तू काय गावाबाहेरची?"

"मग जूनमध्ये मला जावंसं वाटेल?"

तव्यावरचं तेल जळल्याचा वास आला तरी कुणी उठलं नाही.

"आणि बाबा राहिले," गार्गी पुढे म्हणाली, "तर ते तुझ्यासाठी राहिले की मातीच्या वासामुळे, हे तुला कसं कळणार?"

पोरीचा राग आला हेमांगीला. थोबाडीत मारावी इतका आला. कारण पोर बोलली ते खरं होतं. सुयोग तिच्याकडे बघत होता आणि तिला त्याच्याकडे बघवेना.

मग वादाला तोंड फुटलं. यंत्र बंद केलं तर पाणी टिकणार कसं? आंब्यांना मोहोर धरायची वेळ, तो गळून गेला तर? तीन वर्षांत कुणी शेणखत टाकलं नाही, बांध घातला नाही, सगळं जाळ्याच्या जिवावर. एकजण म्हणाला, "सहा महिने जड जातील." दुसरा म्हणाला, "सहा वर्षं म्हण." सगळ्यांत जोरात कोण बोलत होतं माहीत आहे? हेमांगी! बंद करायला नको, थोडं थांबू, बाईंना विचारू, मोहोर होऊ दे, देवराईचं काय होईल. बोलता बोलता ती उभी राहिली होती आणि तिला न कळत दोन पावलं वहाळाच्या दिशेने सरकली होती.

ते तिच्या लक्षात आलं तशी ती मागे फिरली आणि सासऱ्यांपुढे येऊन बसली.

"तात्या," ती म्हणाली, "हे मी बोलत नाहीये. कदाचित बोलत असेन. मला सांगता येत नाही. पण यंत्र माझ्या हातून बंद होणार नाही. उद्या कौलाला तुम्ही आत जाल तेव्हा आपल्या घराच्या मागच्या पडवीतल्या यंत्राच्या पेटीचा लाल खटका तुम्हीच ओढा. आणि सुयोग, तोवर मला सोडू नकोस. मी काहीही बोलले तरी सोडू नकोस."

"देवाला विचारू या का आधी?" कुणीतरी म्हणालं.

तात्यांनी मान हलवली. "ह्या देवाक इचारूचा काम न्हय. खुटे आपण मारले, ते आपणच उपटूचे. देवाच्या गळ्यात कित्याक घालतास?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या एकटे वहाळ ओलांडून गेले. हेमांगीचे दोन्ही हात सुयोगने धरून ठेवले होते. आधी ती बरी होती. मग विनवू लागली. मग तिने त्याला नाही नाही ते ऐकवलं. तू पळपुटा आहेस, तुझ्यापेक्षा हे यंत्र बरं, निदान त्याने मला टाकलं नाही. सुयोगच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्याने हात सोडले नाहीत. गार्गी आईच्या पायांना मिठी मारून बसली होती.

मग पलीकडे देवराईत एक आवाज झाला. तो ऐकलेली माणसं आजही त्याबद्दल नीट सांगत नाहीत. कुणी म्हणतं, सगळी पाखरं एकदम उडाली. कुणी म्हणतं, पाखरं नव्हती, जमिनीनेच उसासा सोडला. हेमांगीचं अंग एकाएकी सैल पडलं. टॅबलेटवरचा आकडा गेला होता. थोड्या वेळाने तात्या काठावर दिसले. त्यांनी दोन्ही हात वर केले. उजवी कळी पडली होती.

गाव घरी आला.

पुढचे दोन महिने हाल हाल झाले. निम्मा मोहोर गळला. कुरणात पिवळे पट्टे उठले. लोकांनी पावडी-घमेली काढली, वहाळावर दगडमातीचा बंधारा घातला आणि शेणखताच्या पाट्या वाहिल्या. देवराईत कोयता न्यायचा नाही हा जुना दंडक पुन्हा ठरला. धनेश काही गेले नाहीत. आणि रात्री गाव घोरू लागला! मुंबईचे दोघे-तिघे सणाला म्हणून आले आणि सण संपला तरी रेंगाळले. त्यांना कुणी धरून ठेवलेलं नव्हतं.

सुयोगने नोकरी सोडली. एका संध्याकाळी गोठा शाकारताना शिडीवरूनच त्याने ती गोष्ट सांगून टाकली. "आता मला माझंच वाटतंय, हेमा. कुणी वाटायला लावलेलं नाही. मला इथेच राहायचंय. तुझ्यापाशी." इतकी वर्षं नवस केले ते याच वाक्यासाठी. हेमांगी हसली आणि चहा टाकायला आत गेली.

कातडीवरची बुरशी सावकाश मरेल, असं बाईंनी सांगितलं होतं. किती सावकाश ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. होळीच्या आधी एका सकाळी हेमांगी जागी झाली. शेजारी सुयोग गाढ झोपला होता. ती अंगणात आली. समोर तेच माड, तीच विहीर, तीच खाचरं. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या दिवशी दिसलं होतं तसंच सगळं दिसलं आणि पहिल्या दिवशी वाटलं होतं तसंच वाटलं. ती पायरीवर बसून राहिली. सुयोग उठून बाहेर आला, तेव्हा उन्हं माडांच्या शेंड्यांवर आली होती.

"लवकर उठलीस?"

"सुयोग," ती म्हणाली, "मला करमत नाही."

तो हसला. आपली थट्टा करतेय असं त्याला वाटलं. मग त्याने तिचा चेहरा पाहिला आणि तो तिच्याशेजारी बसला.

"आजच?"

"नाही रे. लग्नापासूनच. मधली तीन वर्षं सोडून." तिने नजर खाचरांवरून काढली नाही. "मी रुळले असं म्हणायचे ना तुला? मी कधी रुळलेच नव्हते."

आत तात्यांच्या खोकण्याचा आवाज येत होता.

"कुठे जाशील?" सुयोगने विचारलं.

"आधी माहेरी, गडहिंग्लजला. मग बघेन. बाई पुण्यात काम देते म्हणाल्या आहेत."

"मी थांब म्हटलं तर?"

"तर थांबेन," ती म्हणाली. "म्हणून म्हणू नकोस."

सुयोगने तिचा हात हातात घेतला, क्षणभर घट्ट धरला आणि सोडून दिला. मग तो उठला आणि माळ्यावरून तिची बॅग काढायला आत गेला.